अंगठा सोडला तरी

१ डिसेंबर १९८५, रविवार

लहू आज पडला. डावं मनगट. मोडलेलं नाही, मुरगळलंय — मीच हॉस्पिटलात नेऊन एक्स-रे काढून घेतला. सुट्टीचा दिवस गेला तो गेलाच.

म्हणतो, गाडी थांबलीच नाही. वेगाच्या खटक्यावरचा अंगठा सोडला तरी पळत राहिली. इंजिन बंद करायचं लाल बटण दाबायला वेळच मिळाला नाही, म्हणून उडी मारली. गाडी आपली एकटीच पुढे गेली आणि मागच्या शेताच्या कुंपणात घुसली. तिथेही तिचं गुरगुरणं चालूच!

मला खरं वाटलं नाही. नागपूरच्या उन्हात वाढलेला माणूस, कॉलेजात गणित शिकवणारा, बेचाळिसाव्या वर्षी बर्फावर पळवायची स्नोमोबाइल घेतो. पडल्यावर मशीनलाच दोष देणार. माझ्या तोंडावरूनच त्याने ते ओळखलं. 

राधाने मात्र "डॅड जम्प्ड!" म्हणून तीन मैत्रिणींना फोनही केले.

४ डिसेंबर

दुपारी इमर्जन्सीत रूथ माकी आली. राधाच्या शाळेची बस चालवते ती. पंचावन्नची असेल. कॉलरबोन मोडलेलं, चेहरा पांढराफटक, पण रडणं वगैरे काही नाही. पट्टा बांधताना विचारलं, कशी पडलीस. म्हणाली, "मी सोडलं, डॉक्टर. तिने नाही सोडलं." अंगठा उचलून दाखवला.

अंगावर काटाच आला. लहूचं वाक्य!

गाडी कुठली विचारलं. ग्रे हेरॉन. आमच्या गाडीचंच मॉडेल. रूथ या गावात तीस हिवाळे बस चालवतेय, बर्फावर तिचा हात सुटेल हे मला पटत नाही. मग आठवलं, गेल्याच आठवड्यात लाकडाच्या गिरणीतला एक जण बरगडी मोडून आला होता. तोही असंच काहीतरी पुटपुटत होता. मी लक्ष दिलं नाही. म्हणजे तीन झाले.

संध्याकाळी पिठलं केलं. शिकागोहून आणलेलं बेसन संपत आलंय, तरी केलं. लहूला सॉरी म्हणायचं होतं, ते काही म्हटलं गेलं नाही. पिठलं खाल्लं त्याने.

६ डिसेंबर

बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. तिघांनी वंदना म्हटली. राधा तिसऱ्या ओळीला अडखळते, मग माझ्या तोंडाकडे बघत बघत म्हणते.

राजाराम काकांचा फोन आला, दक्षिणेतल्या शुगर लँड गावाहून. लहूचे सख्खे काका, तेलाच्या कंपनीत मशीनं बघतात. तिकडे अजून पंखा लागतो म्हणाले! लहूने पडल्याचं सांगितलं तर हसले नाहीत. उलटतपासणीच घेतली — किती वेळ एकाच वेगाने गेलास, बर्फ भुरभुरीत होता का. मग समजावून सांगितलं. इंजिनात हवा जाते तिथे एक झडप असते. अंगठा दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. हवेबरोबर बर्फाचा भुगा आत गेला, की झडपेभोवती पापुद्रा धरतो आणि झडप आहे तिथेच गोठते. मग अंगठा सोडा नाहीतर हात जोडा.

फोन ठेवताना म्हणाले, "अंजना, मशीन बर्फासाठीच बनवलंय ना? मग हे त्यांना माहीत नाही, असं होऊच शकत नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

११ डिसेंबर

अर्ल लुंडग्रेनच्या दुकानात गेले. गावात हेरॉन विकणारा आणि दुरुस्त करणारा तो एकटाच. भला मोठा माणूस, चर्चमध्ये गातो. लहूचं आणि त्याचं फार जमतं. आम्ही इथे आलो त्या वर्षी कोणी दारात उभं राहिलं नाही, तेव्हा अर्लच लहूला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला घेऊन गेला होता. लहू ते विसरत नाही.

मी रूथचं सांगितलं. तो म्हणाला, थंडीने अंगठा बधिर होतो, दाबलाय की सोडलाय हे कळत नाही माणसाला. बधिर अंगठ्याबद्दल — मला, डॉक्टरला!

आणखी कोणाची तक्रार आली का विचारलं तर म्हणाला, नाही. खोटं. रूथ सोमवारीच त्याच्याकडे जाऊन आली होती, तिनेच मला सांगितलं. बोलताना सारखा त्याच फडक्याने तेच टेबल पुसत होता. नजर वर नाही. कंपनी एक सुधारणेचा संच पाठवतेय, तो आला की सगळ्यांना बसवून देईन, फुकट, म्हणाला.

फुकट म्हटलं की मला जास्तच भीती वाटते.

१८ डिसेंबर

संच आला म्हणून अर्लचं कार्ड आलं. लहू उद्या गाडी नेणार.

आज एक गोष्ट केली, ती इथेच लिहिते. लहू कॉलेजात असताना गॅरेजमध्ये गेले आणि झडपेच्या झाकणाच्या दोन स्क्रूंवर नखांचं लाल पॉलिश लावून ठेवलं. पार्सिपनीला राहणाऱ्या मैत्रिणीने, प्रतिमाने दिलेली बाटली, कधी उघडलीच नव्हती. स्क्रू फिरला तर पॉलिश तडकणार. बघू.

१९ डिसेंबर

लहू गाडी घेऊन वीस मिनिटांत परत. बाहेरच्या बाजूला नवी कडक स्प्रिंग, केबलवर एक रबरी टोपी, आणि पिवळं लेबल — 'सुधारणा पूर्ण'.

पॉलिश जसंच्या तसं!

म्हणजे अर्लने आत हातच लावला नाही. लेबल चिकटवलं, लहूला कॉफी पाजली, झालं काम. लहूला सांगितलं नाही. मी असलं काही करून ठेवते हे त्याला कळलं तर आधी माझ्यावर चिडेल, अर्लवर नंतर. कदाचित अर्लवर चिडणारच नाही.

२७ डिसेंबर

ड्यूटीवरून आले तर अंगणात राधा लहूच्या पुढ्यात बसलेली, गाडी चालू, दोघंही निघायच्या बेतात! मी कारमधून उतरून तशीच धावले. बुटात बर्फ गेला, पडता पडता वाचले.

राधा म्हणे, "मॉम, इट्स फिक्स्ड. अर्लने फिक्स केलंय." मी तिला घरात पाठवलं आणि लहूला पॉलिशचं सांगून टाकलं. त्याने वाकून स्क्रू बघितले.  मग म्हणाला, "माझ्यावर पण असं काही लावून ठेवतेस का?"

 त्याने चावी माझ्या हातावर ठेवली आणि आत गेला. चावी आता तांदळाच्या डब्यात आहे.

३ जानेवारी १९८६

एका दिवसात दोन. सकाळी वाचनालयातली बाई, हात मोडलेला. अकराला एक प्लंबर, गुडघा. दोघांच्याही गाड्या हेरॉन. दोघांच्याही गाड्यांवर पिवळं लेबल. आणि दोघांचंही तेच वाक्य, अंगठ्याचं. मधल्या दिवसांतले दोघं धरून आता माझ्या हिशेबाने सात झाले.

बाराच्या आत अर्लचा फोन, प्लंबरचा गुडघा कसा आहे! त्याला कोणी सांगितलं? डॉरिस अर्लच्या बायकोची बहीण. नर्स म्हणून इथे वीस वर्षं आहे. मी तिच्याकडे बघितलं तर ती पट्ट्या मोजत होती — नको इतक्या मन लावून.

यापुढे तिच्यासमोर या विषयावर बोलायचं नाही. वाईट वाटतं लिहिताना. पहिल्या हिवाळ्यात हिमदंशाने काळे पडलेले पाय कसे ओळखायचे हे मला तिनेच शिकवलं. माझे उच्चार कळत नाहीत म्हणणाऱ्या पेशंटना तीच दटावायची. पण बहिणीचा नवरा तो बहिणीचा नवरा.

९ जानेवारी

चर्चच्या तळघरात हेरॉनवाल्यांची सभा. रूथने बोलावली, हात अजून गळ्यात. मला वाटलं पाचसहा जण येतील. चाळीस आले. प्रत्येकाकडे आपापली गोष्ट. एकाची गाडी स्वतःच्याच गोठ्यात घुसलेली. एकजण तीनदा संच बदलून आलाय. कोणी म्हणालं, कंपनीला फोन केला की एक गोड आवाजाची मुलगी दरवेळी हेच विचारते, तुम्ही किती वेगात होता.

कार्ल निएमी म्हणून एक निवृत्त खाणकामगार मागच्या बाकावर होता. तो म्हणाला, सोमवारी माझी गाडी अर्लकडे देतोय, नवा संच आलाय म्हणे, या वेळी जमेल. लोक हसले, तोही हसला.

मग रूथने मला विचारलं, डॉक्टर, तुम्ही तर सगळ्यांना बघितलंय, तुम्ही सांगा. चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, पेशंटच्या गोष्टी मला चारचौघांत बोलता येत नाहीत. नियमाने बरोबरच आहे ते. खाली बसले तेव्हा लहूने माझ्याकडे बघितलं नाही.

अकरा जखमींनी आपापली नावं घालून कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं. लहूने सही केली. मार्केट नावाच्या शहरातला एक वकील मदत करणार आहे.

१७ जानेवारी

कार्ल निएमी गेला.

तळ्यावर मासे धरायला निघाला होता. वाटेत वळण आहे, पाइनची झाडं आहेत. आणला तेव्हाच काही उरलं नव्हतं. तरी मी आणि डॉरिसने चाळीस मिनिटं प्रयत्न केले. मृत्यूची वेळ मीच सांगितली, दोन वाजून दहा मिनिटं.

त्याच्या बायकोला मीच सांगितलं. शर्ली नाव. कोट काढलाच नव्हता तिने. मान हलवत राहिली आणि म्हणाली, सोमवारीच नवा संच बसवला होता. म्हणाला होता, आता काही काळजी नाही.

पुढे लिहवत नाही.

१८ जानेवारी

सकाळी उठून थेट अर्लच्या दुकानात. दुकान बंद होतं, मागच्या दाराने गेले. तो नुसताच बसला होता. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. लेबलं चिकटवतोस, आत हात लावत नाहीस, पॉलिश लावून बघितलंय मी — हे सगळं बोलले. इंग्रजी अडखळत होतं तरी बोलले.

तो उठला. संचाबरोबर आलेला कंपनीचा कागद माझ्यापुढे ठेवला. पायरीपायरीने लिहिलेलं — स्प्रिंग बदला, टोपी बसवा, लेबल लावा. झाकण उघडायचं कुठे लिहिलेलंच नाही. त्याने जे सांगितलं होतं ते सगळं केलं होतं. संचच तेवढा होता.

मग खालचा खण उघडला. त्याने कंपनीला पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या. सात! पहिलं गेल्या फेब्रुवारीतलं, शेवटचं संच आल्यानंतरचं. 'झडप गोठते, स्प्रिंगने काम होणार नाही, इथे कोणीतरी मरेल' — असं स्वच्छ लिहिलेलं. कंपनीची उत्तरं दोन-दोन ओळींची. संच बसवून प्रकरण बंद करावे.

मी विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलंस? थंड अंगठा कशाला सांगत बसलास? तो म्हणाला, "तोंड उघडलं तर दुकान काढून घेतील, म्हणून गप्प बसलो. कार्ल माझ्याबरोबर शाळेत होता, डॉक."

प्लंबरच्या गुडघ्याचंही विचारून घेतलं. प्लंबरच्या भावाने सांगितलं होतं त्याला. गाडी ओढून दुकानात भावानेच आणली होती.

म्हणजे डॉरिस नव्हती.

अर्लला माफ करावं की नाही मला कळत नाही. पण चोर नाही तो. घाबरट आहे.

२१ जानेवारी

डॉरिस सुट्टीवर. कार्लच्या घरी स्वयंपाक करायला गेलीय म्हणे. शर्लीने कंपनीच्या पत्रात कार्लचंही नाव घातलंय, म्हणजे आता बारा. मी तिला काही सांगितलेलं नाही. तिला कळलंच नव्हतं की माझा तिच्यावर संशय होता, मग सांगायचं तरी काय?

२८ जानेवारी

टीव्हीवर दिवसभर तेच, फुटलेलं अवकाशयान. राधाने शाळेत सगळ्या वर्गाबरोबर बघितलं. घरी आली ती थेट लहूच्या कुशीत बसून राहिली. किती महिन्यांनी!

१२ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर आलं. वकिलाने त्याची एक प्रत आमच्या घरी पाठवली, लहूची सही होती म्हणून. जाडजूड पाकीट.

पहिल्या पानावर सहानुभूती. दुसऱ्या पानापासून खरं काय ते. मशीनमध्ये दोष असल्याचा एकही पुरावा नाही. चालकांनी लाल बटण वापरलं नाही. आणि मग — 'तक्रारदारांनीच सादर केलेल्या वैद्यकीय कागदपत्रांनुसार, बारापैकी दहा प्रकरणांत उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी अपघाताचे कारण चालकाचा ताबा सुटणे असे नोंदवले आहे. यांत्रिक बिघाडाचा उल्लेख एकाही नोंदीत नाही.'

खाली यादी. नाव, तारीख, डॉक्टर.

रूथ माकी — डॉ. ए. वानखेडे.
प्लंबर — डॉ. ए. वानखेडे.
वाचनालयातली बाई — डॉ. ए. वानखेडे.
कार्ल निएमी — डॉ. ए. वानखेडे.
लहू वानखेडे — डॉ. ए. वानखेडे.

माझ्या अक्षराच्या झेरॉक्स जोडल्यात. 'ताबा सुटला.' दहा वेळा. सगळीकडे तेच दोन शब्द, तीच घाईतली सही.

इथे आले तेव्हा जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कारणाच्या रकान्यात दोन शब्द पुरेत. दारू प्यायलेला असो, हरीण आडवं आलेलं असो, स्नोमोबाइलवरून पडला की 'ताबा सुटला'. सगळे तसंच लिहितात. मीही लिहीत गेले. रूथचं वाक्य ऐकून काटा आला होता — तो काटा अंगावरच राहिला, कागदावर उतरला नाही. बाहेरून आलेली डॉक्टर, माझे उच्चार लोकांना कळत नाहीत, मी कशाला मशीनबद्दल लिहू? नसती चौकशी मागे लागायची. असं काही ठरवून केलं का? नाही. हात आपोआप चालत होता.

अडीच महिने मी सगळ्यांकडे डोळे वटारून बघत होते. अर्ल काय लपवतो, डॉरिस काय सांगते, लहू काय बोलत नाही. माझ्या हाताकडे बघायचं मला सुचलंच नाही.

१३ फेब्रुवारी

लहूने पाकीट वाचलं. एवढंच विचारलं, "माझ्याही कागदावर?"

हो म्हटलं.

ताटं त्याने घासली. मला उठू दिलं नाही.

१४ फेब्रुवारी

वकिलाशी बोलले. मी म्हटलं, आता त्या नोंदींखाली दुरुस्ती लिहून सही करते, मला जे आठवतं ते सगळं लिहिते. तो म्हणाला, लिहा, पण कंपनी म्हणेल डॉक्टरच्या नवऱ्याची तक्रार आहे, म्हणून आता आठवलं. त्याने विचारलं, तेव्हाच्या तेव्हा, त्या त्या दिवशी लिहिलेलं काही आहे का कुठे? कुठलीही चिठ्ठी, कोणाला लिहिलेलं पत्र, काहीही.

मी नाही म्हणून सांगितलं.

संध्याकाळी रूथकडे गेले. तिला सगळं सांगितलं, माझ्या तोंडाने.  तिने कॉफी ओतली आणि कप माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "शर्लीकडे पण जाऊन ये. तिला दुसऱ्याकडून कळायला नको."

गेले. शर्लीने दार उघडलं, ऐकलं, आणि मिटून घेतलं. आपटलं नाही. हळूच मिटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

वकिलाला नाही म्हणून सांगितलं होतं, ती हीच वही. उद्या त्याच्याकडे जातेय. त्यांच्याबद्दल लिहिलेलं दाखवू का, असं रूथने सगळ्या पेशंटना विचारलं, सगळे हो म्हणाले. शर्लीसुद्धा. डॉरिसला मी आज घरी जाऊन सांगून आले, की यात तिच्याबद्दल काय लिहिलंय. अर्लला लहू सांगणार आहे. पॉलिशचं पान, डॉरिसचं पान फाडायचं मनात आलं होतं. पण एक पान फाडलं, तर उरलेल्यांवर कोण विश्वास ठेवील?

राजाराम काका, इंग्रजी तुम्ही करणार असं लहू म्हणाला. जसं आहे तसंच उतरवा. मी जिथे चुकले आहे तिथे मला सावरून घेऊ नका.